जीर्ण वस्त्राची निवड

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला बाविसावा श्लोक ज्याच्या कानावरून गेला नाही असा माळकरी विरळा. मनुष्य जुनी झालेली वस्त्रे टाकतो आणि नवी अंगावर घेतो, त्याप्रमाणे देहाचा धनी जुने शरीर सोडून नव्यात जातो, असा त्या श्लोकाचा भाव आहे. ज्ञानोबारायांनी तो मराठी माणसाच्या ओंजळीत घातला. कोणाच्या घरी दुःख घडले, दिवसकार्य असले, की कीर्तनकार बुवा हाच श्लोक घेतात आणि ऐकणाऱ्याचे डोळे पुसले जातात. हे योग्यच आहे. परंतु सिद्धांताकडे सर्वांचे लक्ष जाते, दृष्टांताकडे कोणी वळून पाहत नाही. आत्मा अमर आहे हे आम्ही डोलत डोलत ऐकतो. पण ज्या वस्त्राची उपमा भगवंतांनी घेतली, त्या वस्त्राचे पुढे काय होते, हे आम्ही कधी विचारतो काय? आज तेवढेच विचारावयाचे आहे.

प्रथम शब्द पहा. भगवंतांनी नुसते 'वस्त्रे' म्हटले नाही, 'जीर्ण' वस्त्रे म्हटले. जीर्ण म्हणजे झिजून झिजून ज्याचे काम संपले ते. शेजारणीने नवे घेतले म्हणून, रंगाचा कंटाळा आला म्हणून, एका लग्नात नेसून झाले म्हणून जे टाकले, ते जीर्ण कसे? ते अंगावर झिजलेच नाही, कपाटात कोंडून म्हातारे झाले. अशा वस्त्राला गीतेचा आधार नाही.

आता दुसरी गोष्ट. देह टाकला म्हणजे उकिरड्यावर फेकला काय? माणूस गेल्यावर त्याला रस्त्याच्या कडेला ठेवून आपण घरात जेवायला बसतो काय? नाही. चार खांदेकरी येतात, विधी होतो, पृथ्वीचे पृथ्वीला आणि पाण्याचे पाण्याला पोचते केले जाते. मग उपमा पुरी करावयाची तर जीर्ण वस्त्राचेही तसेच झाले पाहिजे. ज्याचे त्याला पोचले पाहिजे. आणि पोचते करायचे तर आधी निवडावे लागते: हे कोणाचे, ते कोणाचे, हे अजून अंगाचे, ते आता मातीचे. या निवडण्यालाच संतांच्या घरी विवेक म्हणतात. आमचे सगळे म्हणणे एवढेच आहे, की न निवडता टाकणे हा आळस होय आणि न निवडता देणे हे दान नव्हे.

हे आम्ही अकोल्याच्या जुन्या शहरातून लिहीत आहोत. मोर्णेच्या पश्चिम काठची ही वस्ती. असदगडाचे बुरूज, राजराजेश्वराचे देऊळ, दाटीची घरे आणि अरुंद बोळ. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी खांद्यावर घेऊन कावडी इथेच येतात. आषाढीपूर्वी शेगावची श्रीगजानन महाराजांची पालखी पंढरीस जाताना अकोल्यास मुक्काम करते. या गावाला कापडाचे मोल बाहेरच्याने येऊन शिकवावे असे नाही, कारण हे गाव कापसावरच वाढले. पण माणसाला ज्याची सवय होते त्याचेच मोल तो विसरतो, म्हणून थोडी उजळणी करू.

मृगाचा पाऊस झाला की काळ्या रानात सरकी टोबली जाते. मग निंदण, डवरण, खत, फवारा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंड फुटले की पहिल्या वेचणीला आमच्या बाया शेतात सीतादही करतात. दहीभाताचा नैवेद्य दाखवल्याशिवाय बोंडाला हात लागत नाही. एक क्विंटल कापूस जिनात गेला की साधारण ३३ ते ३६ किलो रुई निघते, राहिलेली बहुतेक सरकी. रुईची एक गाठ १७० किलोची. ती गाठ सूतगिरणीत जाते, सूत मागावर जाते, कापड रंगाऱ्याकडून शिंप्याकडे येते. एका सुती सदऱ्यामागे शेतापासून कापड होईपर्यंत सुमारे २७०० लिटर पाणी लागते, असा जगभरचा ढोबळ हिशेब सांगतात. वऱ्हाडात हे पाणी बहुतेक आभाळाचे. ते वेळेवर पडले नाही तर कास्तकाराच्या घरात काय होते, हे इथल्या कोणाला सांगायला नको. अकोल्याच्या सावतराम मिलसारख्या गिरण्या १९७४ साली सरकारकडे गेल्या, पुढे बंद पडल्या; भोंगा थांबला, पण कापूस वेचणाऱ्या बाईची कंबर अजून वाकतेच आहे. आता सांगा, इतक्या हातांतून आलेले वस्त्र दोन वेळा अंगाला लावून नालीत टाकणे, हा कोणाचा अपमान झाला? ज्या बोंडाला नैवेद्य दाखवला, त्या बोंडाचा झाला.

पूर्वीच्या घरात लुगड्यालाही चार आश्रम होते. पहिला आश्रम घडीचा: सणाला, देवदर्शनाला, लेकीच्या सासरी जायला. दुसरा रोजच्या नेसण्याचा; या गृहस्थाश्रमातच त्याची खरी झीज होई. तिसरा वानप्रस्थाचा. विरलेल्या लुगड्याचे बाळाला दुपटे होई, झोळी होई, चार लुगडी एकावर एक ठेवून त्याची वाकळ शिवली जाई. म्हातारी म्हणे, "टाकू नको वं माय, वाकयीले कामी पडते." आणि चौथा आश्रम संन्यासाचा. आता नाव नाही, रूप नाही, काठ नाही, पदर नाही. फडके झाले, पोतेरे झाले, कंदिलाची काच पुसायची चिंधी झाली. आणि त्या चिंधीतली जी स्वच्छ सुती पट्टी असे, तिला पीळ देऊन तेलातुपात भिजवून काकडा केला जाई. पहाटे पांडुरंगाचे मुख ज्या उजेडात पाहिले, तो उजेड कापडाच्या पिळाचा होता, हे काकड्याला जाणाऱ्याने विसरू नये.

आणखी एक चमत्कार पहा. जन्माला आलेल्या बाळाच्या अंगाला आपण पहिल्यांदा काय लावतो? आजोबांच्या धोतराचा, आजीच्या लुगड्याचा तुकडा. कारण धुऊन धुऊन तो लोण्यासारखा मऊ झालेला असतो. आणि मेलेल्या माणसावर काय घालतो? कोरे कापड. म्हणजे येताना आपण जुन्यात येतो आणि जाताना नव्यात जातो. मधल्या काळात जुन्याची लाज बाळगण्याचे मग कारण काय?

असे जे घरात होत असे, तेच दारातही होत असे. बोहारीण आमच्या बोळांतून किती वर्षे फिरली! डोक्यावर भांड्यांची टोपली, खांद्यावर कपड्यांचे गाठोडे. गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाच्या कित्येक कुटुंबांचे पोट याच धंद्यावर चालत आले आहे. तिची परीक्षा कोणी पाहिली आहे काय? सदरा हाती घेतला की ती आधी गळपट्टी पाहते, मग काख पाहते, मग उन्हाकडे धरून विरलेली जागा हेरते. "वहिनी, ह्या दोन पातळांत हे पातेलं बसत नाही, आणखी एक धोतर टाका." घरातली बाई म्हणते, "अवो, नवंच तं आहे हे!" आणि घासाघीस सुरू होते. दिल्लीच्या रघुबीरनगरात पहाटेच्या अंधारात अशा जुन्या कपड्यांचा मोठा बाजार भरतो, तिथे हेच गाठोडे उघडते. धुऊन, सांधून, बटण लावून, इस्त्री फिरवून तोच सदरा एखाद्या मजुराच्या अंगावर चढतो. जे अंगावर चढण्यासारखे नाही ते यंत्र पुसणाऱ्या कारागिराकडे चिंधी होऊन जाते. म्हणजे आपण जे निवडले नाही ते तिने निवडले. एका डब्यासाठी तिच्याशी अर्धा तास भांडणाऱ्या माळकरी बहिणीने मनात आणावे, की आपण करावयाची सेवा ही बाई आपल्या वाट्याची करीत आहे.

हरियाणातल्या पानिपतचे नाव आपण लढाईमुळे जाणतो. त्याच पानिपतात आज परदेशातून येणाऱ्या जुन्या लोकरी कपड्यांचे ढीग उतरतात. तिथल्या बाया गुंड्या आणि चेन कापून काढतात, मग रंगाप्रमाणे कपडे वेगळे करतात. लाल लालात, निळे निळ्यात. रंग आधीच जमला की पुन्हा रंगवावे लागत नाही. मग ते यंत्रात पिंजून त्याचा धागा होतो आणि धाग्याचे कांबळे. पुरात आणि भूकंपात उघड्यावर पडलेल्या लोकांना वाटलेली कित्येक कांबळी या चिंध्यांचीच असत. अलीकडे पॉलिएस्टरच्या कांबळ्यांनीही तिथे जागा घेतली आहे. कोण्या दूर देशीच्या माणसाने टाकलेला कोट आपल्याकडच्या एखाद्या म्हाताऱ्याची थंडी राखतो. आणि हे कशाने घडले? कोणीतरी ढिगापुढे मांडी घालून बसले आणि निवडले, म्हणून घडले.

पोथीचे उदाहरण तर आपल्या अगदी देव्हाऱ्यातले आहे. छापखाना येण्यापूर्वी पोथ्या हातकागदावर लिहीत. तो कागद जुने दोर, गोणपाट, चिंध्या कुजवून, कुटून, त्यांच्या लगद्यापासून करीत. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था निघाली, तिथेही सुती चिंध्यांपासून कागद करण्याची रीत चालत आली. ज्या पानावर भगवंताचे नाव लिहिले गेले आणि ज्यापुढे आपण मस्तक टेकवतो, ते पान कोणे एके काळी चिंधी होते. चिंधीला हीन म्हणणाऱ्याने मग पोथीला हात कसा लावावा?

आता आजची स्थिती पाहू. कापड स्वस्त झाले, आणि स्वस्त झाले म्हणून त्याची किंमत मनातून उतरली. शिवाय कापडाची जातच बदलली. पूर्वीचे सूत मातीत पडले की मातीचे होत असे. आजचे पॉलिएस्टर खनिज तेलातून निघते; ते मातीत कुजत नाही आणि जाळले तर वितळून विषारी धूर सोडते. सूत आणि पॉलिएस्टर एकत्र विणलेले असले तर ते वेगळे करणे आणखी कठीण. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात अटाकामा नावाचे वाळवंट आहे. तिथे जगभरच्या टाकलेल्या कपड्यांचे डोंगर साचले. युरोपच्या संघाने १ जानेवारी २०२५ पासून आपल्या देशांना टाकाऊ कापड वेगळे गोळा करण्याचा नियम घातला. आपल्या केंद्र सरकारनेही २०२३ च्या मे महिन्यात शहरोशहरी जुने कपडे, पुस्तके, भांडी स्वीकारणारी केंद्रे उघडण्याची मोहीम केली. म्हणजे जे आमची म्हातारी वाकळ शिवताना करीत होती, त्याला आता राज्यकर्त्यांना कायदा करावा लागतो. काळाचा हा महिमा म्हणावा!

परंतु दूरच्या वाळवंटाची गोष्ट कशाला? आपले एक वाळवंट आहे, चंद्रभागेचे. वारी सरली आणि दिंड्या परतल्या, की त्या वाळवंटात काय उरते? ज्यांनी पाहिले ते जाणतात. पत्रावळी, पिशव्या आणि ओले, मळलेले, चिखलात रुतलेले कपडे. काही भाविकांची अशी समजूत असते, की स्नान केलेले वस्त्र तीर्थात सोडले म्हणजे त्याबरोबर पापही वाहून जाते. आम्ही विचारतो, बापहो, पाप गेले कोठे? ते पुढच्या काठावरच्या माणसाच्या पाण्यात गेले. आपले धुणे दुसऱ्याच्या घागरीत टाकणे याला कोणत्या संताने पुण्य म्हटले आहे? नाम घेतल्याने मळ जातो ही आपली श्रद्धा आहे. मग नाम ओठांवर असताना नदीला कपड्याचे गाठोडे कशाला द्यावे?

आमच्या मोर्णेचेही असेच झाले होते. १३ जानेवारी २०१८ रोजी अकोल्याचे हजारो लोक नदीत उतरले, विद्यार्थी आले, संस्था आल्या, आणि त्यांनी काठ साफ केला. त्याच महिन्याच्या २८ तारखेस पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून त्या कामाचा उल्लेख केला. गावाची मान उंचावली हे खरे. पण नदी एकदा साफ करणे सोपे, पुन्हा न मळवणे अवघड. घरातले फाटके गाठोडे पुलावरून खाली सोडणारा हात जोवर थांबत नाही, तोवर साफ करणाऱ्या हजार हातांचे श्रम वाया जातात. आणि तो एक हात तुळशीची माळ घातलेल्या गळ्याच्या माणसाचा असू नये, एवढी तरी आमची मागणी आहे.

या विषयाचा अधिकारी पुरुष वऱ्हाडातच होऊन गेला. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी, परिटाच्या घरी, डेबूजी जन्मले. धुण्याच्या घाटावर ज्या कुळाचा जन्म गेला त्या कुळातला हा मुलगा. मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामाकडे वाढला, गुरे राखली, शेती केली, आणि १९०५ साली घर सोडून निघाला. अंगावर काय घेतले? निरनिराळ्या रंगांच्या चिंध्या जोडून शिवलेले वस्त्र. हातात काय घेतले? खराटा आणि फुटके गाडगे. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत, चिंधेबुवा म्हणत, आणि शेवटी गाडगेबाबा हेच नाव राहिले. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांनी देह ठेवला, तोवर हा वेष सुटला नाही.

बाबांना चांगले वस्त्र मिळत नव्हते असे कोणी समजू नये. धनवान त्यांच्या पायाशी बसत होते. पंढरपूर, नाशिक, मूर्तिजापूर येथे त्यांनी धर्मशाळा आणि संस्था उभ्या केल्या. पंढरीची चोखामेळा धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. ज्याने लाखांच्या इमारती दिल्या त्याला एक धोतरजोडा जड होता काय? त्यांनी चिंधी अंगावर घेतली ती जगाला दाखवण्यासाठी, की जे तुम्ही टाकता त्यावर एका माणसाचा जन्म निघू शकतो. पण इकडे लक्ष द्या. स्वतः चिंध्या नेसणाऱ्या बाबांनी दुसऱ्याला चिंधी दिली नाही. लुळ्या-पांगळ्यांना, रक्तपित्याच्या रोग्यांना ते अन्न वाढवीत आणि धडके वस्त्र, कांबळे देववीत. त्यांच्या उपदेशात भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी आणि उघड्याला वस्त्र हे ओळीने येते. स्वतःसाठी फाटके आणि दुसऱ्यासाठी धड, ही बाबांची निवड. आपली निवड नेमकी उलटी असते. आपल्यासाठी कोरे आणि दुसऱ्यासाठी जे कशाच्याच कामाचे नाही ते.

म्हणूनच कपड्याचे दान हा आज फार तपासून पाहण्याचा विषय झाला आहे. २००४ साली समुद्राच्या लाटांनी तामिळनाडूचा किनारा धुऊन नेला, तेव्हा देशभरातून मदत म्हणून कपडे गेले. त्यांतले ढीगच्या ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. फाटके, मळके, तिथल्या लोकांच्या राहणीला न जुळणारे. ज्याचे घर गेले त्याने आपली लाज राखावी की आपला उकिरडा उपसावा? दिल्लीची गूंज नावाची संस्था, अंशू गुप्ता यांनी १९९९ साली सुरू केलेली, त्या ढिगांपाशी पोचली आणि तिने ते कपडे निवडून कामी लावले. ही संस्था गावकऱ्यांना कपडे भीक म्हणून देत नाही. गाव विहीर खोदते, रस्ता दुरुस्त करते, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घेते. उरलेल्या स्वच्छ सुती चिंध्यांच्या घड्या करून ती बायकांच्या मासिक पाळीसाठी देते. हा विषय प्रवचनात काढू नये असे कोणी म्हणेल. पण ज्या माऊलीला त्या दिवसांत धड चिंधीही मिळत नाही तिचे दुःख पांडुरंगाला कळते, आणि आपल्याला कळू नये काय?

२०१५ च्या हिवाळ्यात इराण देशात कोणी एका भिंतीवर खुंट्या ठोकल्या. ज्याला नको त्याने अडकवावे, ज्याला हवे त्याने न्यावे. पुढच्या वर्षभरात आपल्या महाराष्ट्रातही गावोगावी 'माणुसकीची भिंत' उभी राहिली. कल्पना फार गोड. कारण घेणाऱ्याला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. पण भिंतीवर कपडे अडकवले आणि आठ दिवसांनी पाऊस आला, कुत्र्यांनी ओढले, खाली चिखल झाला, तर ती भिंत माणुसकीची राहते काय? भिंतीलाही सेवेकरी लागतो. रोज येऊन झटकणारा, घडी घालणारा, फाटलेले बाजूला काढणारा. देव उभा केला की पूजाही लावावी लागते, तसेच हे.

कथेत द्रौपदीच्या चिंधीचा प्रसंग आपण नेहमी ऐकतो. भगवंताचे बोट कापले, रक्त वाहू लागले. सुभद्रेच्या घरी वस्त्रांच्या राशी होत्या; पण चिंधी शोधण्यात तिचा वेळ गेला, कारण भारी वस्त्र फाडायला मन होईना. द्रौपदीने अंगावरचे वस्त्र टरकन फाडले आणि बोट बांधले. पुढे भरसभेत तिला अगणित वस्त्रे पुरवली गेली, ती त्या एका चिंधीचे व्याज. हा प्रसंग आम्हाला काय शिकवतो? चिंधी लहान की मोठी, जुनी की नवी, हे भगवंतांनी मोजले नाही. गरज होती त्या क्षणी, गरज होती तेवढी, स्वच्छ हाताने दिलेली म्हणून ती मोलाची ठरली. ज्या घरी राशी असूनही वेळेला चिंधी सापडत नाही, ते घर श्रीमंत असेल, पण नीट नाही.

मग करावे काय? वारकरी पंथ करणाऱ्यांचा आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. घरातली गाठोडी उघडावी आणि पाच वाटे करावे. पहिला वाटा अंगावर घालण्यासारख्या कपड्यांचा. ते धुवावे, कडक उन्हात वाळवावे, बटण तुटले असेल तर लावावे, घडी घालून बायकांचे, पुरुषांचे, लेकरांचे वेगळे बांधावे. स्वतःच्या भावाला देताना लाज वाटणार नाही असे असेल तरच ते या वाट्यात ठेवावे. हीच कसोटी, दुसरी नको. दुसरा वाटा दुरुस्तीचा. उसवलेली शिवण, निघालेला काठ, गुडघ्यावरचे भोक. आपले नामदेवराय शिंप्याच्या कुळातले. त्यांच्या पायरीवर डोके ठेवणाऱ्याच्या घरात सुई-दोरा नसणे बरे नव्हे. तिसरा वाटा रूप पालटणाऱ्यांचा: वाकळ, दुपटे, पिशवी, पायपुसणे. लेकीबाळींना चार टाके घालायला बसवावे. बसल्या जागी हरिपाठही होतो. चौथा वाटा सुती चिंध्यांचा: पुसणे, काकडा, आणि अगदीच कुजलेले असेल तर बारीक फाडून शेणखताच्या खड्ड्यात. पाचवा वाटा पॉलिएस्टरचा. तो खतात घालू नये, शेकोटीत तर मुळीच नको. तो वेगळा बांधून भंगारवाल्याला, बोहारणीला किंवा नगरपालिकेच्या केंद्रावर द्यावा.

कोणते सूत आणि कोणते नव्हे हे कळत नसेल तर कडेचा एक धागा ओढून, चिमट्यात धरून जपून पेटवावा. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि भुरी राख होते. दुसरे असेल तर धागा वितळून कडक मणी होतो. काकड्याला असा मिश्र धागा कधी वापरू नये. त्याचे जळते थेंब गळतात आणि हात भाजतो.

यावर कोणी म्हणतात, "बुवा, एवढा वेळ कोणाजवळ आहे?" तांदळातले खडे निवडायला वेळ आहे ना? मग ज्याच्या ताटात आपण हे वाढणार त्याच्या ताटातलेही खडे निवडावे. कोणी म्हणतात, जुने कपडे दिले की घरची लक्ष्मी जाते. लक्ष्मी कोंडलेल्या पेटीत राहत असती तर कसरीच श्रीमंत झाली असती. आणि एक प्रश्न फार नाजूक आहे. घरातले माणूस गेले, त्याचे कपडे काय करावे? आमच्याकडे पुष्कळ लोक ते नदीत सोडतात किंवा गावाबाहेर फेकतात. भीती वाटते, मायाही वाटते. दोन्ही आम्ही समजू शकतो. परंतु ज्या बापाने जन्मभर दुसऱ्याला दिले त्याचा सदरा नालीत कुजावा, हे त्याला आवडेल काय? महिना-दोन महिने जाऊ द्यावे, दुःख निवू द्यावे. मग ते कपडे धुऊन, वाळवून, घेणाऱ्याला खरे ते सांगून द्यावे, घेणारे घेतात. किंवा त्याच्या धोतराची वाकळ शिवून नातवाच्या अंगावर घालावी. आत्मा वस्त्र सोडून गेला, तो आता त्यात अडकलेला नाही, हे तर आपण त्याच श्लोकात ऐकले. ऐकले ते खरे मानायचे असेल तर त्या वस्त्राचे भय धरू नये आणि त्याचा अव्हेरही करू नये.

आमच्या भागात कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत काकड्याचा महिना असतो. दिवाळीची झाडलोट त्याच महिन्यात येते, घराघरांतून गाठोडी त्याच वेळी बाहेर पडतात. म्हणून जुन्या शहरातल्या आणि गावोगावच्या सर्व भजनी मंडळांना आमची विनंती आहे. यंदा काकडा झाल्यावर लगेच उठू नये. आठवड्यातून एक दिवस देवळाच्या ओसरीवर सतरंजी अंथरावी, घरोघरची धुतलेली गाठोडी आणावी, आणि बायाबापड्यांनी, मुलाबाळांनी मिळून पाच वाटे करावे. मोठ्या घरच्या सुनेने आणि धुणेभांडी करणाऱ्या बाईने एकाच सतरंजीवर बसावे. वाळवंटात आपण सगळे एकमेकांच्या पाया पडतो, तो खेळ ओसरीवरही खेळता येतो. निवडलेले कोणाकडे जाईल हे आधी ठरवावे: वीटभट्टीवरची लेकरे, ऊसतोडीला निघालेली कुटुंबे, रुग्णालयाबाहेर रात्र काढणारे गावकरी. त्यांना आधी विचारावे, काय हवे. मग द्यावे. आणि पुढच्या आषाढीला चंद्रभागेत स्नान झाले, की ओले वस्त्र पिळून पिशवीत घालावे, घरी आणून वाळवावे. एवढे केले तरी ती वारी पांडुरंगाच्या पायी रुजू होईल.

एक दिवस आपलेही हे हाडामांसाचे वस्त्र जीर्ण होणार आहे. त्या वेळी निवडणारा निवडील: यातले कोणाच्या कामी आले ते एका बाजूला, नुसते पेटीत राहिले ते दुसऱ्या बाजूला. तो वाटा आपल्या हाती नाही. आज घरातल्या गाठोड्याचा वाटा मात्र आपल्या हाती आहे. तेवढा तरी नीट करू या.

रामकृष्णहरि.